लाल पक्ष्याची किटली जुन्यात घेताना

न्यू जर्सीत आमच्याकडे शनिवारी सकाळी कुणाच्या ना कुणाच्या गराजसमोर घरातल्या जुन्या वस्तू विकायला टेबलं मांडलेली असतात. तिथे शंकूच्या आकाराची, निळ्या मुठीची स्टीलची किटली दिसली, की आधी ती पालथी करा. बुडावर ‘अलेस्सी’ हे नाव असेल तरच पुढचं बोलायचं.

१९८३ साली या इटालियन कंपनीनं ११ आर्किटेक्टांकडून चांदीचे चहा-कॉफीचे संच करून घेतले, प्रत्येकी ९९ नग. ते आपल्या खिशाचं काम नाही. त्या अकरांतल्या मायकेल ग्रेव्ह्ज यांनी १९८५ साली रोजच्या वापरासाठी केलेली ही किटली मात्र आपल्याला झेपते. ग्रेव्ह्ज यांचं ऑफिस इथेच प्रिन्स्टनला होतं. पुढे १९९९ पासून त्यांनी टार्गेट या अमेरिकन दुकानांच्या साखळीसाठीही घरगुती वस्तू केल्या, त्यात किटलीही होती. तीही मला आवडते, पण तिला पहिलीचा भाव देऊ नका.

मग पक्षी. नळीच्या तोंडावर बसणारा हा लाल प्लॅस्टिकचा पक्षी म्हणजेच शिट्टी. तो काढून नीट बघा: वितळलाय का, चिरलाय का, परत घट्ट बसतो का. नसेलच, तर सुटा विकत मिळतो, पण तेवढे पैसे किमतीतून कापून घ्या. पक्ष्याच्या जागी हिरवा ड्रॅगन दिसला तर नकली समजू नका. ती ग्रेव्ह्ज यांचीच, २०१५ ची आवृत्ती.

माझ्या पहिल्या किटलीचा पक्षी मीच घालवला. सासूबाईंशी फोनवर बोलत होते. शिट्टी थांबली, म्हटलं ह्यांनी गॅस बंद केला असेल. पाणी आटलं होतं! शेपूट खाली लोंबायला लागली होती. तेव्हापासून आच मध्यम, आणि ज्वाला बुडाच्या बाहेर जाऊ द्यायची नाही.

आत पांढरा थर असेल तर घाबरू नका. लिटरभर पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व घालून उकळा, अर्धा तास ठेवा, दोनदा विसळा. बाहेरून तारेची घासणी अजिबात लावू नका, ओरखडे जात नाहीत.

आणि आत फक्त पाणी. आई पुण्याहून आली तेव्हा तिनं आलं, दूध, पत्ती सगळं थेट किटलीतच घातलं. पक्षी ओरडला खरा, पण नळीतली साय काढायला बाटलीचा ब्रश आणावा लागला.