'गिट पुल' मारलं म्हणजे डिप्लॉय झालं? या चुका टाळा

सगळ्या मशीनची नावं एका लूपमध्ये कोंबायची, प्रत्येकावर 'गिट पुल' (गिट या कोड सांभाळणाऱ्या साधनाची, नवा कोड खेचून आणणारी कमांड) मारायचं आणि चहाला निघायचं. डिप्लॉयचा, म्हणजे नवा कोड मशीनवर चढवण्याचा, हा प्रकार आता बघवत नाही. पुल झालं की नाही, हे कोण बघणार?

22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे नवे दर लागू झाले. एका दुकानदाराच्या काउंटरांवर आदल्या रात्रीच अपडेट चढवलं होतं. सकाळी तुपावर सगळीकडे 5 टक्के, एका काउंटरवर मात्र जुनेच 12. गिऱ्हाइकाने बिल पुढे केलं तेव्हा कळलं, मग मला फोन. बघतो तर काय, प्रिंटर चालेना म्हणून तिथल्या पोराने कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये पोर्ट (प्रिंटर कुठे जोडलाय ते) बदललेला. नेमकी तीच फाइल अपडेटमध्येही बदललेली. लोकल बदल पुसले जातील म्हणून गिटने पुल नाकारलं, तसं स्क्रीनवर स्पष्ट सांगितलं, आणि स्क्रिप्ट निवांत पुढच्या मशीनकडे गेली.

यावर घाईवाल्यांचा ठरलेला उतारा म्हणजे 'रीसेट हार्ड', लोकल बदल पुसून टाकणारी कमांड. दर नवे येतात, पोर्ट जुना होतो, प्रिंटर पुन्हा बंद. पोरगं पुन्हा फाइल उघडतं. त्याचं काय चुकलं? त्याला बिलं द्यायची आहेत.

मशीनगणिक बदलणारी फाइल रेपोत (गिटच्या सामायिक कोड-साठ्यात) नकोच. रेपोत नमुना ठेवा, खरी फाइल फोल्डरबाहेर. आणि नुसतं गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत) नाव टाकून भागत नाही. आधीपासून ट्रॅक होणाऱ्या फाइलला ते लागूच होत नाही. 'गिट आरएम' (फाइल काढायची कमांड) ला 'कॅश्ड' लावून फक्त गिटच्या नोंदीतून काढलीत तर तुमच्याकडे राहील, पण पुढच्या पुलला इतर मशीनवरून उडेल. आधी सगळीकडे प्रत काढून ठेवा.

मी डिप्लॉयसाठी पुल वापरतच नाही. फेच करतो (नवा कोड नुसता उतरवतो), टॅग चेकआउट करतो (नाव दिलेली ठरावीक आवृत्ती लावतो), मग प्रत्येक मशीनकडून कमिटचा (नोंदलेल्या आवृत्तीचा) हॅश, म्हणजे ओळख-क्रमांक, मागवून एकाखाली एक लावतो. एक जरी वेगळा निघाला तरी काम झालेलं नाही. वेळ लागतो, लागू दे.

बाकीचं थोडक्यात. पासवर्ड कमिट झाला तर पुढच्या कमिटमध्ये खोडून उपयोग नाही, इतिहासात तो राहतोच, पासवर्ड बदला. 'सुडो गिट पुल' (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने पुल) करू नका. फाइली रूटच्या (अ‍ॅडमिन खात्याच्या) होतात आणि मग परवानग्यांचं रडगाणं सुरू. विंडोजवर लिहिलेली शेल स्क्रिप्ट लिनक्सवर 'बॅड इंटरप्रिटर' म्हणून अडली, तर ओळींच्या शेवटाचा घोळ आहे, विंडोज आणि लिनक्स ओळ वेगवेगळ्या खुणेने संपवतात. गिटअ‍ॅट्रिब्यूट्स या गिटच्या सेटिंग फाइलमध्ये एलएफ (लिनक्सची खूण) सक्तीचं करा. आणि वेबसाइट असेल तर डॉट-गिट फोल्डर (गिट सगळा इतिहास ठेवतं ते) ब्राउझरमधून उघडतं का, ते आजच बघा. उघडत असेल तर अख्खा सोर्स कोड कुणीही उतरवून घेऊ शकतं.