वाडीत कामाचा मांगर कसा सुरू करावा

मुंबईत तीस-पस्तीस वर्षे नोकरी करून गावी परतलेला माणूस पहिले सहा महिने खुशीत असतो. घराला रंग काढून होतो, विहिरीवरचा पंप बदलून होतो, कलमांना आळी करून होतात, आणि मग एके दिवशी सकाळचा चहा झाल्यावर दुपारच्या जेवणापर्यंत काय करावे हे त्याला सुचेनासे होते. ज्यांनी गाव कधी सोडलेच नाही त्यांचीही गत साठीनंतर फारशी वेगळी नसते. होडीवर जाणे थांबते, बाग मुलाच्या नाहीतर कराराने दुसऱ्याच्या हाती जाते, आणि पत्नी गेलेली असेल तर घरात दिवसभर टीव्हीचाच काय तो आवाज राहतो. आपल्याकडे देवळाची पायरी आहे, भजन मंडळ आहे, शिमग्याची पालखी आहे हे खरे. परंतु ज्याला गळा नाही, पत्त्यांची आवड नाही आणि देवस्थानाच्या मानपानात वाटा नाही, त्याला तिथे जाऊन बसायला निमित्तच उरत नाही. असे निमित्त हाताच्या कामातून निर्माण करता येते: एखाद्या मांगरात, म्हणजे गुरांसाठी बांधलेल्या गोठ्यात, आठवड्यातून एकदा जमून सुतारकाम आणि दुरुस्ती करायची. देवगड तालुक्यातील आमच्या वाडीत आम्ही ते कसे केले आणि कुठे चुकलो, हे पुढे सविस्तर लिहीत आहे.

ही कल्पना आमची नव्हे. ऑस्ट्रेलियात घरामागच्या शेडमध्ये पुरुषांनी काहीतरी ठोकत बसण्याची जुनी रीत आहे. निवृत्तांसाठी अशी सामाईक शेड दक्षिण ऑस्ट्रेलियातील गुलवा येथे १९९३ मध्ये सुरू झाली, आणि १९९८ मध्ये व्हिक्टोरिया राज्यातील टोंगाला या लहान गावी 'मेन्स शेड' हेच नाव घेऊन एक जागा उघडली. २००७ मध्ये तिथे देशव्यापी संघटना उभी राहिली, २०११ मध्ये आयर्लंडमध्ये आणि २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये तशाच संघटना झाल्या, आणि आज एकट्या ऑस्ट्रेलियात अशा शेड हजाराहून अधिक आहेत. तिथे म्हणतात की पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून काम करताना बोलतात. आपल्याकडे जाळे विणताना किंवा गणपतीची आरास करताना जे ऐकू येते, ते पाहता हे कोकणालाही तंतोतंत लागू आहे.

नोंदणी, फलक आणि उद्घाटन यांपासून सुरुवात करू नये. आमच्याकडे पहिल्या बैठकीत अध्यक्ष कोण यावर दीड तास गेला आणि दुसऱ्या बैठकीला निम्मी माणसे आली नाहीत. सुरुवात कामापासून करावी, आणि ते काम वाडीला खरोखर हवे असलेले असावे. सर्वांत सोपे काम म्हणजे धार लावणे. भात कापणीच्या आधी, आश्विनात, 'गुरुवारी सकाळी कोयते आणि विळे घेऊन या, धार लावून मिळेल' एवढाच निरोप घरोघर पाठवावा. दोन धार लावायचे दगड, पाण्याची बादली आणि चार स्टुले एवढ्यावर पहिला दिवस पार पडतो. कोयता घेऊन आलेला माणूस धार होईपर्यंत थांबतो, थांबला की दुसऱ्याची धार चुकीच्या कोनात चालली आहे हे त्याच्याने पाहवत नाही, आणि पुढच्या गुरुवारी तो रिकाम्या हाताने येऊन दगडाशी बसतो. आमचे पहिले पाच सभासद असेच मिळाले. त्यांना कोणी सभासद व्हा असे म्हटलेले नव्हते.

काळ निवडताना कोकणाचे पंचांग पाहावे. जून-जुलैत लावणी, मार्च ते मे आंबा, मध्ये शिमगा. या दिवसांत माणसे मिळत नाहीत. भात झोडून झाले की नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत हात मोकळे असतात आणि लाकूडही कोरडे मिळते. आठवड्यातून एकच दिवस ठरवावा, तो बाजाराचा नसावा, आणि वेळ नऊ ते बारा ठेवावी. संध्याकाळची वेळ ठेवू नये. त्याची दोन कारणे आहेत. उजेड हे एक आणि दुसरे सर्वांना ठाऊक आहे. दारू पिऊन कोणीही आत येणार नाही हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा, आणि तो उपदेश म्हणून न सांगता हत्यारांचा नियम म्हणून सांगावा. रंध्याजवळ हात थरथरलेला चालत नाही, हे कोणालाही पटते आणि त्यात कोणाचा अपमानही होत नाही.

जागेसाठी गुरे नसलेला मांगर उत्तम. दोन-अडीचशे चौरस फूट पुरते; सहा-आठ माणसे आणि एक लांब मेज त्यात मावते. मुंबईकरांची बंद घरे प्रत्येक वाडीत असतात आणि ती फुकट मिळण्यासारखी वाटतात, पण सातबाऱ्यावर चौदा नावे असली की तेरा जणांची हरकत नसते आणि चौदावा गणपतीला येऊन कुलूप बदलतो. आमच्यावर हा प्रसंग आलेला आहे. म्हणून जागा एकाच मालकाची पाहावी आणि किती वर्षांसाठी दिली ते साध्या कागदावर त्याच्या सहीने लिहून घ्यावे. जमीन सारवलेली असेल तर मेजाखाली तरी कोबा घालावा, उजेडासाठी छपरात दोन काचेची कौले बसवावीत आणि जवळच्या शौचालयापर्यंतची वाट म्हाताऱ्या माणसाला जमेल अशी आहे का ते पाहावे. ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटते, पण तेवढ्यासाठी न येणारी माणसे आहेत.

हत्यारे विकत घेण्याची घाई नको. जुन्या घरांच्या माळ्यावर आजोबांचा रंधा, वाकस, पटाश्या, गिरमिट, गुण्या असे काही ना काही गंजत पडलेले असतेच. ती मागून आणावीत, कोणाच्या घरची कोणती ते वहीत लिहावे, आणि पहिले दोन महिने ती साफ करण्यात घालवावेत. विकत घ्यायचा तो एक मजबूत शेगडा (लाकूड घट्ट पकडून ठेवणारे साधन), दोन नव्या करवती आणि कानशी. मेजाची उंची उभ्या माणसाच्या मनगटाएवढी असावी. त्याहून खाली असेल तर रंधा मारताना कंबर धरते. विजेवर चालणारे ड्रिल चालेल, पण गोल करवत पहिल्या वर्षी आणू नये, आणि पुढे कधी लाकूड चिरायचे यंत्र बसवायचे झाले तर आधी वनखात्याच्या कार्यालयात विचारावे.

पावसाळ्याचा विचार हत्यारे येण्याच्या आधी करावा. चिऱ्याची भिंत पावसात पाणी धरते आणि समुद्रावरून येणारी हवा खारी असते. पहिल्या वर्षी आम्ही हत्यारे मोठ्या हौसेने भिंतीवर खिळे मारून ओळीत टांगली, प्रत्येकीच्या मागे तिची आकृती रंगवली, आणि नागपंचमीला पाहिले तर पटाश्यांच्या धारेवर तांबड्या गंजाचे खवले धरलेले. पुन्हा धार काढताना एकेका पटाशीचे पाव इंच लोखंड गेले. आता आम्ही भिंतीपासून वीतभर पुढे लाकडी कपाट ठेवतो, मृगाआधी प्रत्येक हत्यार यंत्राच्या तेलाने पुसून फडक्यात गुंडाळतो आणि कपाटाच्या तळाशी कमी वॅटचा जुन्या पद्धतीचा दिवा फडक्यांपासून दूर, जाळीच्या आत लावून ठेवतो. त्याच्या मंद उष्णतेने आतली हवा कोरडी राहते. वीज गेली तर इलाज नाही, ती जातेच.

लाकडाचे म्हणाल तर नवे झाड तोडण्याची गरज पहिली काही वर्षे पडू नये. आंब्याच्या जुन्या लाकडी पेट्यांच्या फळ्या, मोडकळलेली दारे, पडलेल्या घरांचे वासे, एवढे लाकूड वाडीतच असते. १६ मे २०२१ च्या तौक्ते वादळात पडलेल्या फणसांचे ओंडके आमच्याकडे अजून आहेत. मात्र पडलेले झाड म्हणजे मोकळे झाड नव्हे. झाडतोडीचे नियमन करणाऱ्या १९६४ च्या कायद्याच्या यादीत साग, खैर आणि ऐन यांच्याबरोबर आंबा आणि फणसही आहेत, तेव्हा तोडणी किंवा वाहतूक करण्याआधी वनखात्याकडे चौकशी करावी. ओले लाकूड वापरू नये. फळीच्या दर इंच जाडीला साधारण एक वर्ष सावलीत, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, सुकवावे लागते. बांबू वापरायचा असेल तर जुनी माणसे तो खाडीच्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवतात. पाण्याने त्यातला गोड अंश निघून गेला की भुंगा लागण्याचे प्रमाण कमी होते.

काय बनवावे, यावर बराच खल होतो आणि पक्षी बसवायच्या घरट्यांपर्यंत सूचना येतात. माझ्या मते ज्याची कोणीतरी वाट पाहत आहे तीच वस्तू करावी. हिवाळ्यात पाट, पोळपाट, देवळातल्या बाकांची दुरुस्ती, अंगणवाडीची खुर्ची. फेब्रुवारीत आंबे काढायचे झेले दुरुस्त करावेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेला नूतन झेला आंबा देठासकट काढतो, त्यामुळे चीक फळावर उतरत नाही. पण जाळी फाटली की तो निरुपयोगी होतो आणि ती जाळी नीट विणणारा हात बागायतदाराचा नसतो, मासेमारी केलेल्या माणसाचा असतो. आमच्या मांगरात खालच्या किनाऱ्यावरची दोन माणसे आली ती या कामासाठी, आणि वाडीतले बागवाले त्यांच्याकडून गाठ शिकले. श्रावणात गणपतीच्या माटवीची, म्हणजे मूर्तीच्या वर टांगायच्या सजावटीची, चौकट आणि चौरंग. माटवीवर नारळ, सुपाऱ्यांचे घोस, कवंडळे यांचा एकत्रित भार बराच होतो, तेव्हा चौकटीचे सांधे नुसते खिळ्यांवर ठेवू नयेत, कूस घालूनच, म्हणजे एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवूनच, जोडावेत.

यात एक पथ्य कटाक्षाने पाळावे. गावातील सुताराच्या पोटावर पाय येता कामा नये. जे काम तो पैसे घेऊन करतो ते आपण फुकट करू नये. ज्या बारीक दुरुस्तीसाठी त्याला यायला परवडत नाही ती आपण घ्यावी. सांधे, धार, रंधा शिकवायला त्यालाच बोलवावे आणि त्या दिवसाची मजुरी त्याच्या हातात ठेवावी. 'तुमचे तर हे पिढीजात, तुम्हाला काय अवघड' असे म्हणून त्याला फुकट राबवणे हा आपल्या गावांचा जुना रोग आहे.

आता सोबतीविषयी. तिची व्यवस्था वेगळी करावी लागत नाही, पण तिला अडथळा होणार नाही हे पाहावे लागते. साडेदहाला हत्यारे खाली ठेवून सर्वांनी एकत्र चहा घ्यावा आणि तो पाळीपाळीने प्रत्येकाने करावा. नव्या माणसाला 'एकटे वाटते का' असे कधीही विचारू नये. त्याच्या हातात पॉलिश पेपर द्यावा. आमच्याकडे एक गृहस्थ विळी घेऊन आले, तिचे पाते पाटात डुगडुगत होते. शिवणाच्या लाकडाची पाचर ठोकून दहा मिनिटांत ते घट्ट झाले आणि ते चहाही न घेता निघून गेले. पुढच्या गुरुवारी पुन्हा तीच विळी, पुन्हा सैल. पाचर खालून ठोकून काढलेली स्पष्ट दिसत होती. कोणी काही बोलले नाही, नवी पाचर तासायला त्यांनाच सांगितले. तिसऱ्या गुरुवारी ते विळी न आणता आले आणि पाचर तासता तासता, मान वर न करता, ती विळी कोणाची ते बोलले. ज्याला उत्तर देण्याची घाई असते अशा माणसाला अशा वेळी मेजाच्या दुसऱ्या टोकाला बसवावे.

काही वेळा मात्र ऐकून घेणे पुरत नाही. एखादा सभासद झोप उडाल्याचे, जगण्यात अर्थ नसल्याचे बोलू लागला, तर त्याला एकटे न सोडता घरच्यांना कळवावे आणि १४४१६ हा शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक त्याच्यासोबत बसून लावावा. तिथे मराठीत बोलता येते आणि त्याला पैसे पडत नाहीत. हा क्रमांक आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्रमांकाखाली दारामागे रंगवून ठेवला आहे, म्हणजे तो पाहायला कोणाला वेगळे उठावे लागत नाही.

सुरक्षिततेच्या बाबतीत वयाचा विचार हत्याराच्या आधी येतो. आपल्याकडे चपलेवर, नाहीतर अनवाणीच काम करण्याची सवय आहे, आणि मधुमेह जुना असेल तर पायात गेलेला बारीक खिळा माणसाला संध्याकाळपर्यंत कळत नाही. बंद बूट सक्तीचे असावेत. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्याला शिडीवर चढवू नये. लाकडाचा भुसा नाका-घशाला वाईट, म्हणून घासकाम पडवीत, नाकावर मास्क लावून करावे. वीजजोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच) बसवून घ्यावा; दमट भिंतीच्या जागी त्याचा खर्च टाळणे शहाणपणाचे नाही.

पैशाचे थोडक्यात. आम्ही माणशी महिना पन्नास रुपये घेतो, हिशेबाची वही दोरीने खिळ्याला टांगलेली असते आणि ती कोणीही उघडून पाहू शकतो. देणग्या किंवा शासकीय मदत घ्यायची वेळ आली की मगच नोंदणी करावी. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद करावी लागत असल्याने काम जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात असते.

'बायकांना का नाही' हा प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. बायकांचे बचत गट गावोगाव आहेत, पुरुषांना तसे काही नाही, म्हणून गुरुवार पुरुषांचा ठेवला. मेज आणि हत्यारे मात्र इतर दिवशी कोणालाही मोकळी आहेत. मंगळवारी दोघीजणी येतात, आणि धार त्यांच्याइतकी कोणाला लावता येत नाही हे गुरुवारवाल्यांनी मान्य केले आहे.

मे महिन्यात मुंबईहून नातवंडे येतात आणि मांगरात पाय ठेवायला जागा राहत नाही. त्यांना हाकलू नये, पण आजोबा सोबत असल्याशिवाय आत घेऊ नये आणि दहा वर्षांखालील मुलाच्या हाती पॉलिश पेपर व हातोडी यांपलीकडे काही देऊ नये. पेटीच्या फळ्यांतून जुने खिळे सरळ काढून डब्यात जमा करण्याचे काम मुले तासन्‌तास करतात. आमचा वर्षभराचा खिळ्यांचा साठा त्या डब्यातूनच निघतो.