सॉल्टेअर पाहताना देणगी आणि भाडं वेगळं कसं काढायचं

इंग्लंडच्या यॉर्कशरमधलं सॉल्टेअर गाव टायटस सॉल्ट या गिरणीमालकाने कामगारांसाठी वसवलं. २००१पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. लीड्स किंवा ब्रॅडफर्डहून लोकलने थेट गावातच उतरता येतं. तीन तास हाताशी ठेवा. गिरणीत शिरून हॉकनी या चित्रकाराची चित्रं बघायची आणि परतीची गाडी धरायची, ही इथली नेहमीची चूक. तेवढ्यात सॉल्टच्या दानतीचा निम्माही अंदाज येत नाही: त्याने काय निव्वळ दिलं आणि कशाचं भाडं घेतलं, हे गाव फिरूनच कळतं.

आधी सालं एका कागदावर ओळीने लिहून घ्या. गिरणी १८५३, चर्च १८५९, न्हाणीघरं आणि धुणीघर १८६३, शाळा, इस्पितळ आणि वृद्धांची घरं १८६८, क्लब-इन्स्टिट्यूट आणि बाग १८७१. घरं १८५४पासून टप्प्याटप्प्याने उठत गेली. गिरणी पहिली आणि बाग शेवटची, हा क्रम डोक्यात ठेवूनच फिरा.

सुरुवात गिरणीपासून करा. लांबी ५४५ फूट, सहा मजले. एका अंगाला रेल्वे, दुसऱ्या अंगाला लीड्स-लिव्हरपूल कालवा: माल आणायला आणि न्यायला दोन्ही वाटा दारातच. ब्रॅडफर्डमध्ये विखुरलेल्या त्याच्या गिरण्या इथे एका छपराखाली आल्या, आणि कताईपासून विणाईपर्यंतचं अल्पाकाच्या लोकरीचं काम सलग होऊ लागलं. १८४९मध्ये ब्रॅडफर्डला कॉलऱ्याने घेरलं तेव्हा सॉल्ट तिथला महापौर होता, त्यामुळे स्वच्छ हवेची कळकळ खोटी नव्हती. पण धंद्याचं गणितही तितकंच पक्कं होतं. गाव वसवण्यामागे यातलं एकच कारण सांगणाऱ्या वाटाड्यावर विसंबू नका. (मुंबईत कावसजी दावरांची पहिली कापडगिरणी सुरू झाली १८५६मध्ये, म्हणजे याच काळात.)

आता रूळ ओलांडून घरांच्या गल्ल्यांत या. खरा वेळ इथे द्यायचा. साध्या कामगाराचं घर अरुंद दर्शनी भिंतीचं. आत एक बैठकीची खोली, मागे मोरी-स्वयंपाकाची जागा, वर झोपायच्या खोल्या, मागे परसू आणि त्यात स्वतंत्र संडास. ब्रॅडफर्डच्या कोंदट वस्त्यांपुढे हे चैनीचंच. ओव्हरलुकरची, म्हणजे आपल्या गिरणीतल्या जॉबरच्या (मुकादमाच्या) तोडीच्या माणसाची, घरं मोठी. काहींच्या पुढे चिमुकली बाग. दर्शनी भिंतीची रुंदी पावलांनी मोजा, खिडक्यांच्या कमानी बघा, की हुद्दा कळतो. गल्ल्यांची नावं वाचत चला: कॅरोलाइन ही बायको, हर्बर्ट, फॅनी, एडा ही मुलं, लॉकवुड आणि मॉसन हे वास्तुविशारद. मात्र ही घरं आजही राहती आहेत. परसात डोकावू नका.

ही घरं फुकट नव्हती. भाडं दर आठवड्याला द्यावं लागे, आणि नोकरी व छप्पर एकाच मालकाच्या हातात असे. गावात दारूचा गुत्ता (पब) नव्हता. गल्लीत दोरीवर कपडे वाळत घालणं सॉल्टला खपत नसे, म्हणून तर धुणीघर. ती इमारत आता उरलेली नाही. शोधत बसू नका.

निव्वळ देणगी बघायची तर व्हिक्टोरिया रोडने वर चढा. वृद्धांची ४५ घरं बिनभाड्याची होती, शिवाय एकट्याला आठवड्याला साडेसात शिलिंग आणि जोडप्याला दहा शिलिंग. अट मात्र होती: काम करण्याची ताकद संपलेली हवी आणि चालचलणूक चांगली हवी. ती चांगली की वाईट, हे ठरवणार देणाराच.

वाटेत शाळा आणि इन्स्टिट्यूटसमोर दगडी सिंह दिसतील. ते लंडनच्या ट्रफाल्गर चौकासाठी घडवले आणि तिथे नाकारले गेले, ही गोष्ट प्रत्येकजण ऐकवेल. ऐका आणि पुढे चला. शाळेपाशी थांबताना एवढं आठवा की १८४४च्या कायद्याने आठ वर्षांच्या मुलालाही गिरणीत घेता येत असे, फक्त अर्धा दिवस, उरलेला वेळ शाळेत.

घरी परतल्यावर १८७१च्या जनगणनेत एखादी गल्ली काढा. प्रत्येक घरातल्या माणसांचं वय आणि धंदा तिथे नोंदलेला आहे. मापलेली भिंत त्याच्याशेजारी ठेवा आणि त्या छपराखाली किती जण राहत होते ते मोजा. गल्ल्यांची नावं पुढे बदललेली असू शकतात, म्हणून जुना नकाशा सोबत घ्या; नाहीतर भलत्याच घराचा हिशेब लागतो.