गार्डनर इंजिनाचा ॲटकिन्सन: केबिन आणि डबल क्लच

ॲटकिन्सन बॉर्डरर या जुन्या ब्रिटिश ट्रकमध्ये १८० हॉर्सपॉवरचं गार्डनर ६एलएक्सबी इंजिन आणि सहा गिअरचा डेव्हिड ब्राउन गिअरबॉक्स ही नेहमीची जोडी. गाडी हातात घेण्याआधी केबिन तपासा. बाहेरचं फायबरग्लास गंजत नाही, पण आतला सांगाडा लाकडी आहे. सांध्यांतून पाणी झिरपलं की तो कुजतो. दार अर्धं उघडून कडेला धरून वर उचला. बिजागरीसकट खांब हलला तर स्क्रू आवळून भागणार नाही, लाकूडच बदलावं लागेल.

इंजिन दोन सीटांच्या मधे, कव्हरखाली असतं. कव्हरच्या कडेची पट्टी फाटली असेल तर उष्णता आणि आवाज थेट केबिनमध्ये येतो. ती आधी बदला. एवढ्या कमी खर्चात एवढा आराम दुसऱ्या कशाने मिळत नाही.

ब्रेकसाठीचा हवेचा दाब पूर्ण भरल्याशिवाय जागचे हलू नका. पॉवर स्टिअरिंग नसेल तर उभ्या गाडीत स्टिअरिंग पिळू नका. गाडी किंचित सरकली की वळवा.

आता गिअर. सिंक्रोमेश, म्हणजे गिअरांचे वेग आपोआप जुळवणारी सोय, नाही, म्हणून डबल क्लच हवाच: एका बदलात क्लच दोनदा दाबायचा. वरचा गिअर घेताना: रेस सोडा, क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा, इंजिनाचे फेरे उतरू द्या, पुन्हा क्लच, मग गिअर. दोन गिअरांत दीडपट फरक असेल तर मिनिटाला १,८०० फेऱ्यांचे १,२०० व्हावे लागतात आणि गार्डनरचे फेरे फार सावकाश उतरतात. सपाटीवर थांबता येतं. चढावर तेवढ्यात वेग मरतो. क्लच ब्रेक असेल तर तो इथे वापरा: न्यूट्रलमध्ये पेडल क्षणभर तळापर्यंत दाबा, गिअरबॉक्सचा शाफ्ट लगेच मंदावतो. खालचा गिअर घेताना मात्र पेडल तळाला नेऊ नका. तेव्हा शाफ्टला वेग हवा असतो. तो मंदावला की दात करकरतात.

खालच्या गिअरसाठी न्यूट्रलमध्ये क्लच सोडून रेस द्यायची. पण इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणारा गव्हर्नर फेरे १,८५० वर रोखतो. दीडपट फरकाच्या हिशेबाने फेरे साधारण १,२३० च्या वर असताना प्रयत्न केलात, तर लागणारे फेरे इंजिन देऊच शकत नाही आणि गिअर बसत नाही. उतारावर हे जिवावर बेतू शकतं, कारण न्यूट्रलमधली गाडी प्रत्येक क्षणाला वेग घेते. इंग्लंडच्या उत्तरेत शॅपसारखा लांब उतार असेल तर खालचा गिअर माथ्यावरच, वेग कमी असताना घ्या. तरी चुकलाच, तर तोच शोधत बसू नका. लगेच ब्रेक लावून वेग उतरवा आणि जो वरचा गिअर बसेल तो पकडा.