एम ५१ टिपताय? मग या चुका टाळा

सप्तर्षीच्या शेपटीच्या टोकाला मरीची हा तारा, आणि तिथून साधारण साडेतीन अंशांवर एम ५१ ही दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह. सापडायला सोपी, म्हणून नवशिके आधी हिच्याच मागे लागतात. मोठ्या सर्पिल दीर्घिकेला खेटून एनजीसी ५१९५ ही धाकटी आहे आणि तिच्याभोवती दोघींच्या ओढाताणीत उधळलेल्या ताऱ्यांचा फिकट पसारा. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक फोटोंत सर्पिल भुजा झकास असतात, हा पसारा मात्र गायब!

तो तुम्हीच पुसलेला असतो. ‘आकाश काळंकुट्ट हवं’ या हट्टापायी ब्लॅक पॉइंट (ज्याच्या खालचं सगळं पूर्ण काळं होतं ती पातळी) उजवीकडे रेटला, की हिस्टोग्रामचा, म्हणजे फोटोतल्या उजेडाच्या आलेखाचा, डावा अंधुक उतार कापला जातो, आणि पसारा नेमका तिथेच असतो. मी पार्श्वभूमी गडद करडी ठेवतो, ० ते २५५ च्या पट्टीवर पंचविसाच्या खाली जाऊ देत नाही. लोक म्हणतात, फोटो धुरकट दिसतो. दिसू दे.

दुसरं माझं दुखणं म्हणजे ‘फ्लॅट उद्या घेऊ’ (फ्लॅट म्हणजे दुर्बिणीसमोर एकसारखा उजेड धरून घेतलेले फोटो; मूळ फोटोंना त्यांनी भागलं की धुळीच्या सावल्या जातात). मीही घेतले होते. पहाटे चारला बोटं आखडलेली, कॅमेरा काढून बॅगेत टाकला. दुसऱ्या दिवशी तो परत जोडला, दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणलं आणि फ्लॅट उरकले. प्रोसेसिंग करताना ५१९५ च्या शेजारी एक नाजूक, उजळ कमान उमटली. आठवडाभर मी ती ज्याला त्याला ‘गुरुत्वाकर्षणाने ओढलेले तारे’ म्हणून दाखवत होतो. महिन्याने कॅमेरा नव्वद अंशांत फिरवून पुन्हा एम ५१ घेतली आणि आळसाने जुनेच फ्लॅट लावले. कमानही नव्वद अंशांनी फिरली! कॅमेरा काढ-घाल करताना त्याच्या तोंडावरच्या फिल्टरवर धुळीचा नवा कण बसला होता. त्याची सावली फ्लॅटमध्ये होती, मूळ फोटोंत नव्हती. भागाकारात तीच उजळून बाहेर आली. तेव्हापासून फ्लॅट झाल्याशिवाय मी कॅमेऱ्याचा स्क्रू सैल करत नाही, फोकसलाही हात लावत नाही.

तासाभराच्या डेटावर डीनॉइज (दाणेदारपणा पुसणारं सॉफ्टवेअर) फिरवून ‘झालं’ म्हणणाऱ्यांशी मी हल्ली वाद घालत नाही. सिग्नल-नॉइज गुणोत्तर, म्हणजे खऱ्या प्रकाशाचं दाणेदारपणाशी प्रमाण, दुप्पट करायला वेळ चौपट लागतो, त्याला सॉफ्टवेअर काय करणार? १८४५ मध्ये आयर्लंडच्या लॉर्ड रॉस या खगोलनिरीक्षकाला या भुजा दिसायला ७२ इंची आरशाची दुर्बीण लागली होती. तुम्हाला ८ इंची दुर्बिणीवरच्या कॅमेऱ्यात त्या सहज मिळताहेत, तर चार रात्री द्या की.

पौर्णिमेला नॅरोबँड फिल्टर (ठरावीक रंगाचा अगदी अरुंद पट्टाच आत सोडणारा) लावून दीर्घिका टिपणं हा आणखी एक शॉर्टकट. ताऱ्यांचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो, फिल्टर चांदण्याबरोबर तोही अडवतो. हाती उरतात हायड्रोजनचे गुलाबी ठिपके. ते नंतर मिसळायला छान, पण आधी अमावास्येच्या आसपासचा डेटा हवा.

२०० मिमीच्या लेन्सवर ३.७६ मायक्रॉनचे पिक्सेल असतील, तर ११ कलांची (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) ही दीर्घिका जेमतेम १७० पिक्सेल भरते. मग क्रॉप करून तक्रार करू नका.

दीर्घिकेचं केंद्र जळत, म्हणजे नुसतं पांढरं होत असेल, तर फोटो एकाच झटक्यात ताणू (उजळवू) नका, थोडं थोडं ताणा.

आणि फोकस. संध्याकाळी बाह्टिनोव्ह मास्क (फोकस तपासायची दुर्बिणीच्या तोंडावरची खाचांची जाळी) लावून नीट केलेला फोकस तापमान उतरलं की सरकतो. मी दर तासाला मास्क चढवतो, झोप आली असली तरी.