कॉलेजचा प्रोग्रामिंग कोर्स टीम आणि ओपन सोर्सने सुरू करायचाय? असा करा

चौघाचौघांच्या टीम पाडा, आणि तुम्हीच पाडा, मुलांवर सोडलं तर हॉस्टेलवाले एकीकडे आणि ज्यांना कुणी घेत नाही ते एकीकडे होतात. प्रत्येक टीमला गिटहबवर (कोड ठेवायची साइट) एक पब्लिक रिपो, म्हणजे सगळ्यांना दिसणारं प्रोजेक्टचं फोल्डर, त्यात रीडमी (प्रोजेक्टची ओळख देणारी फाईल) आणि एमआयटी लायसन्स (कोड कुणीही वापरावा अशी परवानगी). लायसन्स नसेल तर रिपो कितीही पब्लिक असू दे, ते ओपन सोर्स नाही. मेन ब्रँचला, म्हणजे कोडच्या मुख्य प्रतीला प्रोटेक्शन लावा, एकाच्या अप्रूव्हलशिवाय मर्ज नाही, म्हणजे कुणाचे बदल त्यात मिसळायचे नाहीत. पब्लिक रिपोला हे फुकट मिळतं.

आता खरी मेख, मर्ज कॉन्फ्लिक्ट: दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलली की कुणाची ठेवायची ते गिटला (बदल सांभाळणारं टूल) ठरवता येत नाही. मला शिकवताना सगळ्यात जड गेलेली पायरी हीच. सल्ला देणारे म्हणतात की कॉन्फ्लिक्ट येऊच नये म्हणून प्रत्येकाला वेगळी फाईल द्या. अजिबात देऊ नका! मग तो सबमिशनच्या आदल्या रात्री येतो, मुलं घाबरून व्हॉट्सअ‍ॅपवर झिप फिरवायला लागतात आणि सगळा कोड टीममधल्या एका हुशार पोराच्या गळ्यात पडतो.

त्यापेक्षा दुसऱ्याच प्रॅक्टिकलला तुम्ही समोर असताना मुद्दाम घडवून आणा. चौघांनी आपापल्या ब्रँचवर रीडमीची पहिलीच ओळ बदलायची आणि पुल रिक्वेस्ट (माझे बदल मेनमध्ये घ्या ही विनंती) टाकायची. पहिली मर्ज झाली की बाकी तिघांची अडकते. त्यांना नुसतं पुल करायला सांगू नका, नव्या गिटमध्ये मर्ज हवं की रीबेस (आपले बदल उचलून मेनच्या पुढे परत रचणं) ते ठरवलेलं नसेल तर तिथेच एरर येतो आणि अर्धा तास त्यात जातो. आधी फेच (गिटहबवरचे नवे बदल नुसते आणणं), मग ओरिजिनचा, म्हणजे गिटहबवरचा मेन आपल्या ब्रँचमध्ये मर्ज. फाईल उघडली की वरच्या बाणांच्या (<<<<<<<) ओळीखाली आपलं, बरोबरच्या चिन्हांच्या (=======) ओळीखाली मेनमधलं, आणि शेवटी उलट्या बाणांची (>>>>>>>) ओळ. नीट वाचायचं, काय ठेवायचं ते शेजारच्याशी बोलून ठरवायचं, खुणांच्या तिन्ही ओळी उडवायच्या, मग अ‍ॅड, कमिट (बदलाची नोंद), पुश (गिटहबवर पाठवणं). गोंधळ झालाच तर मर्ज अबॉर्ट करून परत पहिल्यापासून.

व्हीएस कोड या एडिटरमधलं 'दोन्ही ठेवा' वालं बटण मात्र पहिले काही आठवडे बंदच. मुलं ते डोळे झाकून दाबतात, पायथॉनच्या फाईलमध्ये एकाच नावाची दोन फंक्शन्स बसतात, आणि पायथॉन एरर न देता गुपचूप खालचं चालवतो. रीबेस पण या सेमिस्टरला नको, त्यात आपलं वर आणि त्यांचं खाली हा हिशोबच उलटा होतो.

बाहेरच्या प्रोजेक्टला पुल रिक्वेस्ट शेवटच्या महिन्यात, आणि तीही आधी इश्यूवर (प्रोजेक्टच्या चर्चेच्या पानावर) विचारून. 2020 च्या हॅकटोबरफेस्टमध्ये (ओपन सोर्सला हातभार लावायचा ऑक्टोबरातला ऑनलाइन उपक्रम) बक्षिसाच्या टी-शर्टसाठी रीडमीत एकेक शब्द घुसडणाऱ्या रिक्वेस्टींचा इतका पूर आला की आयोजकांना ऐन ऑक्टोबरात नियम बदलावे लागले, स्वतःहून तयारी दाखवलेल्या रिपोच धरायच्या म्हणून. आपली बॅच त्यात नको.

मार्क कमिट मोजून देऊ नका, स्पेस टाकून कमिट वाढवणारे महाभाग प्रत्येक वर्गात असतात. ओरलला दुसऱ्याच्या पुल रिक्वेस्टवर टाकलेली कमेंट उघडायला लावा आणि त्यावरच प्रश्न विचारा. नुसतं 'मस्त' लिहिलं असेल तर रिव्ह्यूचे मार्क शून्य.