सप्लाय बंद, तरी बोर्ड चालू

नोकरीला लागून चार महिने झाले होते. भोसरीतल्या एका लहान कंपनीत मोटर कंट्रोलचे बोर्ड तपासायचं काम माझ्याकडे होतं. त्यातला एक बोर्ड मधूनच हँग व्हायचा. पॉवर बंद-चालू केली तरी ढिम्म. सगळ्या केबल काढून बाजूला ठेवला आणि जेवून आल्यावर लावला, की ठणठणीत. मी तीन दिवस फर्मवेअर, म्हणजे बोर्डातलं सॉफ्टवेअर, उपसत बसले. चौथ्या दिवशी टेस्टिंगचे काका आले, बाकावरची ट्यूब बंद केली आणि म्हणाले, "बाळ, सप्लाय काढलायस ना? मग हा एलईडी का पेटलाय?"

खरंच पेटला होता. मिणमिणता, पण पेटलेला. मीटर लावला तर 3.3 व्होल्टच्या रेलवर, म्हणजे बोर्डाला वीज पुरवणाऱ्या लाइनवर, 2.6 व्होल्ट! लॅपटॉपला जोडलेल्या यूएसबी-सीरियल केबलची ट्रान्समिट लाइन काही पाठवत नसतानाही हायच असते. तिथून करंट कंट्रोलरच्या, म्हणजे बोर्डावरच्या मुख्य चिपच्या, रिसीव्ह पिनमध्ये शिरत होता आणि जादा व्होल्टेजपासून पिन वाचवायला आत ठेवलेल्या प्रोटेक्शन डायोडमधून रेलवर येत होता. तेवढ्यावर कंट्रोलर अर्धवट जिवंत राहायचा. तो कधी पुरता बंदच होत नव्हता, मग रिसेट कुठून होणार? पुढच्या रिव्हिजनला त्या लाइनवर सप्लाय गेल्यावर वाट अडवणारा बफर टाकला आणि तक्रार संपली.

काका म्हणाले, "एकॉर्नवाल्यांची पहिली चिप अशीच चालली होती." 1984 च्या सुमारास केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेत देशातल्या 250 शाळांना एकॉर्न या ब्रिटिश कंपनीचे बीबीसी मायक्रो हे संगणक मिळाले होते. त्यातले काही काकांनी उमेदवारीच्या काळात दुरुस्त केले होते. त्या संध्याकाळपासून मी या कंपनीबद्दल मिळेल ते वाचत गेले. हार्डवेअरमध्ये नव्याने येणाऱ्यांना मी आधी हाच इतिहास वाचायला सांगते, कारण आपल्या बाकावर रोज जे घडतं ते सगळं त्यात आहे.

हर्मन हाऊझर आणि ख्रिस करी यांनी 1978 मध्ये केंब्रिजला ही कंपनी काढली. 1981 मध्ये बीबीसीला संगणक साक्षरतेच्या कार्यक्रमासाठी एक मशीन हवं होतं. बीबीसीची माणसं शुक्रवारी बघायला येणार आणि आठवड्याच्या सुरुवातीला दाखवायला प्रोटोटाइपच नाही. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर हे त्यांचे डिझायनर. हाऊझर यांनी सोफीला सांगितलं, स्टीव्ह म्हणतोय आठवड्यात होईल. आणि फर्बरला सांगितलं, सोफी म्हणतेय होईल. दोघं कामाला लागले. शुक्रवार उजाडला तरी बोर्ड चालेना. शेवटी हाऊझर म्हणाले, डेव्हलपमेंट सिस्टिमला जोडलेली क्लॉकची वायर तोडून बघा. तोडली, आणि बोर्ड चालू झाला! ज्यांनी ब्रिंग-अप, म्हणजे नवा बोर्ड पहिल्यांदा चालू करायचं काम, केलंय त्यांना हे लगेच पटेल. तपासायला जोडलेली वायरसुद्धा सर्किटचाच भाग असते. माझी सीरियल केबल तरी दुसरं काय होती?

बीबीसीला वाटलं होतं, 12,000 मशीन खपतील. पुढे 15 लाखांच्या आसपास खपली.

धंद्याचा भाग थोडक्यात सांगते, पण तो टाळू नका. 1983 च्या नाताळासाठी त्यांनी 'इलेक्ट्रॉन' हे स्वस्त मॉडेल काढलं. खर्च वाचवायला बहुतेक सर्किट एकाच कस्टम चिपमध्ये कोंबलं होतं आणि नेमकी तीच चिप वेळेवर पुरेशी मिळेना. ऑर्डरी होत्या, माल नव्हता. पुढच्या वर्षी माल आला तेव्हा बाजार थंडावला होता आणि सुमारे अडीच लाख नग पडून राहिले. 1985 मध्ये इटलीच्या ऑलिव्हेटीने कंपनीत मोठा हिस्सा घेतला. एखादा पार्ट एकाच पुरवठादाराकडे मिळत असेल, तर डिझाइन करतानाच परचेसवाल्यांशी बोलून घ्या. पार्ट अडकला, की तुमचं सुंदर सर्किट कागदावरच राहतं.

त्याच काळात विल्सन आणि फर्बर नवा प्रोसेसर शोधत होते. मिळणारे प्रोसेसर मेमरीचा वेग नीट वापरत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. ते अमेरिकेत ॲरिझोनाला वेस्टर्न डिझाइन सेंटर बघायला गेले. तिथे एका बंगल्यात मोजकी माणसं प्रोसेसर बनवत होती. हे बनवू शकतात तर आपणही बनवू, असं ठरवूनच दोघं परतले. चिपचं पहिलं मॉडेल त्यांनी बीबीसी बेसिकमध्ये लिहिलं, सुमारे 800 ओळींत. हाऊझर पुढे सांगत, की मोठ्या कंपन्यांनी आपल्या टीमला कधीच न दिलेल्या दोन गोष्टी मी दिल्या: पैसा नाही आणि माणसं नाहीत. म्हणून डिझाइन साधं ठेवणं भाग पडलं.

26 एप्रिल 1985 ला या प्रोसेसरची, म्हणजे एआरएमची, पहिली चिप हातात आली. तिच्यात जेमतेम 25,000 ट्रान्झिस्टर होते. चिपला सिरॅमिकचं पॅकेज, म्हणजे बाहेरचं आवरण, परवडणारं नव्हतं. स्वस्त प्लास्टिकमध्ये बसवायची तर विजेचा वापर एका वॉटच्या आत हवा, आणि तो आधी मोजायची चांगली साधनं नव्हती. म्हणून प्रत्येक ठिकाणी जपून डिझाइन केलं होतं. फर्बर यांनी करंट मोजायला ॲमीटर लावला तर शून्य! चिप प्रोग्राम चालवतेय आणि करंट शून्य? बघितलं तर बोर्डावर चिपचा सप्लाय जोडलेलाच नव्हता. इतर पिनांवरच्या सिग्नलमधून गळून येणाऱ्या विजेवर ती चालली होती. जोडल्यावरचा प्रत्यक्ष वीजवापरसुद्धा एका वॉटच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच भरला.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रडू आलं होतं. ज्या चुकीपायी मी तीन दिवस स्वतःला नालायक समजत होते, ती केंब्रिजच्या बाकावरही झाली होती आणि तिनेच त्यांना आपल्या चिपची ताकद दाखवली होती. 1990 मध्ये एकॉर्न, ॲपल आणि चिप बनवणारी व्हीएलएसआय यांनी मिळून एआरएम ही वेगळी कंपनी काढली. 12 इंजिनिअर होते आणि ऑफिस केंब्रिजजवळच्या एका जुन्या कोठारात. मूळ एकॉर्न नव्वदीच्या दशकाअखेरीस गुंडाळली गेली. मोबाइलमधला प्रोसेसर मात्र आजही त्याच घराण्यातला आहे.

म्हणून सांगते, एखाद्या चिपची डेटाशीट, म्हणजे तांत्रिक माहितीपत्रक, उघडाल तेव्हा पहिल्या पानावरच्या फीचर्सवर थांबू नका. थेट 'ॲब्सोल्यूट मॅक्सिमम रेटिंग्ज'वर, म्हणजे चिप सोसू शकेल त्या कमाल मर्यादांवर, जा आणि पिनमध्ये किती करंट शिरलेला चालतो ती ओळ शोधा. सिम्युलेशन करा, पण मीटर हाताशी ठेवा.

काका आता निवृत्त झाले. त्यांच्या बाकावर मी बसते. नवीन मुलगा किंवा मुलगी रुजू झाली, की पहिल्या दिवशी मी एक बोर्ड देते, सीरियल केबल लावलेला आणि सप्लाय काढलेला. मग ट्यूब बंद करते आणि विचारते, "रेलवर किती व्होल्ट असतील? आधी सांग, मग मोज."